त्र्याहत्तरावरची रेघ

साडूच्या पडद्यावर एका वेळी एकशे चार ओळी दिसतात. मी मोजल्या आहेत. तो चहा सांगायला खाली गेला होता तेव्हा वरून खाली मोजल्या आणि खात्रीसाठी खालून वर पुन्हा मोजल्या. माझ्या पडद्यावर अडतीस दिसतात.

हा फरक मला इतका का लागला, ते कळायला आधी आमचं पाळीपत्रक कळायला हवं. निपाणीजवळच्या आमच्या गावात नदीतून पाणी उचलून शेतांना देणारी सोसायटी आहे. सभासद चौऱ्याऐंशी, क्षेत्र तीन हजार सातशे ऐंशी गुंठे. गुंठ्याला चार मिनिटं पाणी. पंप पहाटे चार ते रात्री दहा चालतो, म्हणजे दिवसाला अठरा तास. बरोबर चौदाव्या दिवशी शेवटच्या शेताचं पाणी बंद होतं आणि पंधराव्या दिवशी पहाटे पहिल्याचं पुन्हा सुरू होतं. कुणाचं पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता, हे ज्या कागदावर असतं ते पाळीपत्रक.

ते एकोणीस वर्षं मी करत आलो. माझी नोकरी निपाणीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात, आणि हे काम गावचं म्हणून. पहिली दहा वर्षं आखीव कागदावर हातानं, पुढची नऊ कॉम्प्युटरवर. हंगामाचं पाणी सुटायच्या आदल्या दिवशी सकाळी आठ वाजता पंपघरासमोर सगळे जमतात आणि पत्रक मोठ्यानं वाचलं जातं. नाव घेतलं की त्यानं ‘व्हय’ म्हणायचं. ‘व्हय’ आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही. ज्यानं पत्रक केलं त्यानंच वाचायचं, अशी रीत आहे. एरवी गावात मला कोणी मुद्दाम विचारायला येत नाही. त्या एका सकाळी मात्र चौऱ्याऐंशी माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहतात. ती सकाळ मला हवी असते. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

पत्रक मी ज्या एडिटरमध्ये करतो तो कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांनी घालून दिला होता. अक्षर कुठलं, केवढं, दोन ओळींत अंतर किती, कडेच्या पट्ट्या ठेवायच्या की लपवायच्या, सगळं त्यात आपल्या मनासारखं करता येतं. त्या सूचना सेटिंगच्या एका फाइलीत ओळीनं लिहायच्या असतात. सरांनी सहा ओळी लिहून दिल्या होत्या. नऊ वर्षांत मी त्यांना हात लावला नव्हता.

साडू आमच्याच गावचा, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आमच्या दोघांच्या बायका बेळगावच्या, खासबागच्या एकाच घरातल्या. थोरली माझी, धाकटी त्याची. तो बेंगळूरच्या कंपनीत कामाला होता. दोन वर्षांमागं गावी परत आला आणि वरच्या मजल्यावर खोली बांधून तिथूनच कंपनीचं काम करू लागला. बेळगावहून त्यानं एक मोठा पडदा आणला आणि तो आडवा न ठेवता उभा बसवला. पडदा उभाही बसतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

“अण्णा, तुमचं पाळीपत्रक ह्यात एका नजरेत मावंल बगा,” तो म्हणाला. माणूस सरळ आहे. मला खिजवायला तो बोलला नव्हता. मला मात्र तसंच ऐकू आलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “त्येंचं बगिटलासा न्हवं? कसं निटनेटकं हाय. तुमचं मेलं ते जुनं डबडं, मान वाकडी करून बगालायसा दिवसभर.”

“माझं चालतंय.”

“चालतंय की. चालत न्हाय असं कुठं म्हणालो मी?”

पुढच्या रविवारी मी काही कारण काढून त्याच्याकडे गेलो. त्याच्या पडद्यावर सेटिंगची फाइल उघडीच होती. तो म्हणाला, “पायजे तर फाइल देतो अण्णा, तुमच्यात घाला.” मी म्हणालो, “नको, माझं बरं हाय.” मग तो चहा सांगायला खाली गेला. मी ओळी मोजल्या, खिशातून फोन काढला आणि त्याच्या सेटिंगचा फोटो घेतला. मागितलं असतं तर मिळालं असतं. देतो म्हणाला होता, त्याला अजून पाच मिनिटंही झाली नव्हती. पण मला त्याच्याकडून घ्यायचं नव्हतं. मला फक्त त्याच्याकडे होतं ते हवं होतं.

फोटोत एक्केचाळीस ओळी होत्या. सोमवारी मी माझ्या फाइलीतलं सगळं एकदम पुसलं आणि त्या एक्केचाळीस ओळी आकड्याला आकडा, चिन्हाला चिन्ह लावून उतरवल्या. दोनदा ताडून बघितल्या. एकही चूक नव्हती. एडिटर बंद करून उघडला.

पडदा काळा. अक्षरं तांदळाएवढी. वरचा मेनू गायब, खालची पट्टी गायब, फाइलींची यादी डावीकडची उजवीकडे गेलेली. पाळीपत्रकाच्या लांब ओळी मध्येच मोडून खाली उतरलेल्या, त्यामुळे एकाची संपायची वेळ दुसऱ्याची सुरू व्हायची वेळ असल्यासारखी दिसू लागली. आमचे निम्मे सभासद कन्नडच वाचतात, म्हणून मथळे दोन्ही भाषांत असतात. त्या कन्नड मथळ्यांचा खालचा भाग कापला गेला होता, विळ्यानं कापल्यासारखा. त्याच्या उभ्या पडद्याला शोभलेलं सगळं माझ्या अठरा इंचांवर येऊन असं पडलं होतं.

साडूला विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण विचारायचं म्हणजे सांगायचं.

आमच्यात संध्याकाळचं जेवण दिवे लागायच्या आत होतं. कॉलेजातून पाचला घरी, साडेसहाला पान. मधला दीड तास माझा. त्या आठवड्यात तीन दिवस तो दीड तास ह्यातच गेला. एखाद्या ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा दिल्या की एडिटर ती ओळ वाचत नाही, एवढं मला माहीत होतं. म्हणून पहिल्या वीस ओळी बंद केल्या आणि उघडून बघितलं. मेनू आला नाही, म्हणजे दोष उरलेल्या एकवीसमध्ये. त्यातल्या दहा बंद केल्या. मग पाच. अशा निम्म्या निम्म्या करत मेनू लपवणारी ओळ सापडली, एकोणतिसावी. कन्नड कापणारी बारावी होती. ओळीची उंची त्यानं चौदा ठेवली होती, ती ओळ काढून मी माझी सव्वीसची घातली तेव्हा अक्षरांचे पाय परत आले. ओळी मोडणारी तेहेतिसावी. एकेक करत शेवटी चाळीस ओळी काढून टाकल्या.

एक ठेवली. तिच्यामुळे पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक बारीक राखाडी रेघ येते, डावीकडून त्र्याहत्तर अक्षरं झाली की. ओळ तिच्या पुढं गेली तर कागदावर मावणार नाही, एवढं सांगणं हे तिचं काम. तिचा त्रास नव्हता. खरं म्हणजे ती मला आवडली.

सगळं जागेवर आलं, पण पत्रकाचे रकाने वाकडे झाले. सरांनी लिहून दिलेल्या सहा ओळी मी पुसल्या होत्या आणि त्यात अक्षर कुठलं, केवढं होतं, ते टिपून ठेवलं नव्हतं. घरच्या विजेच्या मीटरचा आकडा दर महिन्याला लिहून ठेवणारा मी, हे लिहून ठेवलं नाही. अंदाजानं दुसरं अक्षर लावलं. रकाने मी नऊ वर्षं स्पेसबार दाबून दाबून सरळ केलेले होते. अक्षर बदललं आणि ते सगळे सरकले. मग पुन्हा बसलो. चौऱ्याऐंशी ओळी, ओळीत पाच मोकळ्या जागा, म्हणजे चारशे वीस ठिकाणी स्पेस कमीजास्त केल्या. माझ्या पडद्यावर पत्रक सुताला लावल्यासारखं सरळ दिसू लागलं. या वेळी कागद न नेता फाइलच सोसायटीच्या ऑफिसात पाठवली.

दुसऱ्या दिवशी चेअरमन आप्पांनी बोलावून घेतलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझं पत्रक उघडलेलं होतं आणि शेजारी साडू बसला होता. नावं एका बाजूला, गुंठे दुसऱ्या बाजूला, वेळा पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या.

“अण्णा, ह्ये काय हो? बगालो तर डोळं फिराय लागल्यात माझं,” आप्पा म्हणाले.

“माझ्याकडं सरळ दिसतंय.”

साडू हळू आवाजात म्हणाला, “स्पेस देऊन बसवलासा न्हवं, अण्णा. मग ते तुमच्याच स्क्रीनवर सरळ दिसणार. दुसरीकडं अक्षर बदललं की गेलं. रकान्याला टॅब द्यायचा.”

नऊ वर्षं मी जे सरळ केलं होतं ते जगात एकाच पडद्यावर सरळ होतं. आजवर मी घरूनच छापून कागद नेऊन देत असे, म्हणून ते कुणाला कळलं नव्हतं.

“ह्या डावाला पत्रक ह्यो करू दे,” आप्पा म्हणाले. “वाचू बी दे त्येलाच. एकुणीस वर्सं केलासा, आता जरा बसा की निवांत.”

मी “चालतंय” म्हणालो. 

वाचनाच्या आदल्या दिवशी दुपारी चारला साडूनं केलेलं पत्रक सोसायटीच्या कमिटीच्या ग्रुपवर आलं. देखणं होतं. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, एक ओळ पांढरी, एक फिकट राखाडी. मी ते चुका शोधण्यासाठी वाचलं, दुसऱ्या कशासाठी नाही. दहा मिनिटांत चूक सापडली.

इथं आमच्या दोन रीती सांगायला हव्यात. शेपटाकडच्या, म्हणजे पाटाच्या टोकाच्या, शेतांना पाणी कमी दाबानं पोचतं, म्हणून दर हंगामाला यादीतला शेवटचा तिसरा हिस्सा उचलून वर घ्यायचा, ही एक. दुसरी जोडपाळीची. दोन भावांची शेतं एकाच पाटावर असली तर थोरल्याचं पाणी झालं की लगेच धाकट्याचं. दोघांची मिळून पाळी एकच, तिला नंबर एकच. धाकट्याच्या ओळीपुढं मी नंबराची जागा रिकामी सोडतो. अशा नऊ जोड्या आहेत. म्हणून ओळी चौऱ्याऐंशी, पण पाळ्या पंचाहत्तर. तिसरा हिस्सा पंचवीस पाळ्यांचा. एक्कावन्न नंबरपासून वर घ्यायचं.

साडूला वाटलं, नऊ ठिकाणी नंबर घालायचे राहिले आहेत. त्यानं ते घातले, एक ते चौऱ्याऐंशी. मग तिसरा हिस्सा म्हणून अठ्ठावीस ओळी वर घेतल्या, सत्तावन्नाव्यापासून. छप्पन्नावी ओळ एका थोरल्या भावाची होती आणि सत्तावन्नावी त्याच्या धाकट्याची. त्यामुळे धाकटा यादीत सगळ्यांत वर गेला आणि थोरला सगळ्यांत खाली. एकाचं पाणी पहिल्या दिवशी, दुसऱ्याचं चौदाव्या. आणि हे ते दोघं, जे सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते आणि ज्यांचा तंटा गेल्याच हंगामात आप्पांनी मिटवला होता.

मी ग्रुपवर लिहायला घेतलं. ‘वरची पहिली ओळ बघा’ एवढं लिहिलं आणि पुसलं. पंपघरासमोर साडू पत्रक हातात घेऊन उभा आहे, पहिलंच नाव चुकलं आहे आणि सगळे वळून माझ्याकडे बघत आहेत, हे मला डोळ्यांपुढं दिसत होतं आणि गोड लागत होतं.

“काय बगालायसा येवढं त्यात?” बायकोनं ताट ठेवत विचारलं.

“काय न्हाय. पत्रक.”

“चांगलं केल्यात की त्येनी.”

“व्हय. चांगलं हाय.”

सकाळी आठला सगळे जमले. साडूनं छापील कागद हातात घेतला, घसा साफ केला आणि धाकट्या भावाचं नाव घेतलं.

‘व्हय’ आलं नाही. धाकट्यानं थोरल्याकडं बघितलं. थोरला गर्दीतून पुढं आला.

“माझं नाव कुठं हाय?”

साडूनं कागद वरून खाली बघितला. “शेवटाला हाय की. चौऱ्याऐंशी नंबर.”

“माझं पाणी आदी आणि मग त्येचं. आमचा बाप हुता तवापासनं.” मग तो भावाकडं वळला. “चेअरमनच्या घरला गेलतास काय रं?”

“मी कशाला जाऊ? मला काय म्हाईत?”

“तुला म्हाईत न्हाय आणि पयला नंबर आपसूक आला व्हय? पाट माझ्या वावरातनं जातोय. बगू पाणी कसं नेतोस ते.”

“बगू की! पाट काय एकट्याच्या बापाचा हाय?”

धाकट्याच्या बायकोनं त्याचा दंड धरला, तो त्यानं झिडकारला. सगळे माझ्याकडं बघतील असं मला वाटलं होतं. कोणीच बघितलं नाही. सगळे त्या दोघांकडं बघत होते. थोरला पाटाकडं निघाला होता. सहा वर्षांचं भांडण मिटवायला आप्पांना किती बैठका लागल्या, ते मला माहीत होतं. त्यातल्या चार बैठकांना मी स्वतः होतो. कालच्या चार वाजल्यापासून आजच्या आठपर्यंत सोळा तास माझ्याकडे होते आणि एक ओळ लिहायला पुरे होती.

“थांबा,” मी म्हणालो. “कुणी कुणाच्या घरला गेलं न्हाय. जोडपाळी तुटल्या. नंबर घालताना झालंय.” आणि ओळी किती, पाळ्या किती, ते उभ्या उभ्या सांगितलं.

साडू गोरामोरा झाला, पण मागं सरला नाही. “चूक माझी हाय,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “अण्णांना विचारायला पायजे होतं. न्हाय विचारलं.”

तोंडून ‘मला कालच कळलं होतं’ असं निघायला हवं होतं. निघालं नाही.

थोरल्याचे अठ्ठेचाळीस गुंठे. म्हणजे तीन तास बारा मिनिटं. तो वर आला की बाकी सगळ्यांच्या वेळा तेवढ्या पुढं जाणार. मला ते करायला एक अख्खा रविवार लागतो. मी मनात ‘आता वाचन उद्यावर’ असं म्हणेपर्यंत साडूनं पंपघराच्या पायरीवर लॅपटॉप उघडला होता. “अण्णा, सांगा, जोड्या कुठल्या कुठल्या?” मी नऊ जोड्या सांगितल्या, कागद न बघता. चार मिनिटांत सगळ्यांच्या वेळा बदलल्या. मी घड्याळ बघत होतो. चारच मिनिटं.

“वाचा,” आप्पांनी लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला.

मी वाचलं. थोरल्याचं नाव घेतलं, ‘व्हय’ आलं. धाकट्याचं घेतलं, जरा थांबून, जमिनीकडं बघत ‘व्हय’ आलं. पुढं ब्याऐंशी नावं साडूच्याच मशीनवरून वाचली. अक्षरं ठळक, रकाने सरळ. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मी एकाही ओळीवर बोट ठेवलं नाही आणि एकाही जागी चुकलो नाही. माझी सकाळ मला परत मिळाली होती, ती त्याच्या पडद्यावर.

पुढच्या रविवारी तो आमच्या घरी आला. माझे रकाने टॅबवर बसवून देतो म्हणाला. माझ्या खुर्चीत बसला, फाइल उघडली आणि थांबला.

“अण्णा, ही रेघ कुठली?”

“पयल्यापासनं हाय.”

त्यानं रेघेला टेकलेल्या ओळीच्या शेवटी क्लिक केलं. खालच्या पट्टीवर आकडा आला: त्र्याहत्तर. तो टॅब घालत राहिला. बायकोनं पोहे आणून ठेवले आणि ती आत गेली. वीसेक मिनिटांनी तो म्हणाला, “तुमी सगळं लिवून द्या मला, अण्णा. जोडपाळी, शेपूट, अजून काय काय हाय ते. म्हंजे परत चुकणार न्हाय.”

मला त्याचा अर्थ नीट कळला. हे एक माझ्याकडे होतं आणि त्याच्याकडे नव्हतं. ते लिहून दिलं की पत्रकाला माझी गरज उरणार नाही. मी आतल्या खोलीत गेलो आणि वही घेऊन बसलो. पाटाकडं निघालेला थोरला आठवला. अकरा रीती निघाल्या. पहिली लिहिली: ओळी मोजायच्या नाहीत, पाळ्या मोजायच्या. दहावीपर्यंत आलो तेव्हा अकरावी ठेवून घ्यावी असं मनात आलं. ती नदीचं पाणी उतरलं की कुणाची पाळी आधी कापायची, त्याची होती. तीही लिहिली.

कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, “रेघ तुझ्याकडची हाय. तू चहा सांगायला गेल्यावर फोटो काढलतो.”

“म्हाईत हाय,” तो कागद वाचत म्हणाला. “त्र्याहत्तर कोण ठेवत न्हाय, अण्णा. सगळी ऐंशी ठेवतात. आमच्या प्रिंटरला ऐंशी मावत न्हाय म्हणून मी ठेवलाय.” मग वर बघून हसला. “एक्केचाळीसमधली येवढी एकच ठेवलासा व्हय? बाकीच्या चाळीस पसंत पडल्या न्हायत?”

“आणि पत्रकातली चूक मला आदल्या दिवशीच दिसलती.”

आता तो हसला नाही. कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. “सांगायचं होतं,” एवढंच म्हणाला. मग पोहे संपवले, आत जाऊन माझ्या बायकोला पोह्यांत लिंबू कमी झाल्याचं सांगितलं, शिव्या खाल्ल्या आणि गेला.

आता पत्रक तो करतो आणि वाचतो मी. हे आप्पांनी ठरवलं. अकराही रीती त्यानं एका वेगळ्या फाइलीत घातल्या आहेत आणि त्यांच्याखाली ‘अण्णांनी सांगितल्याप्रमाणे’ असं लिहिलं आहे. त्याच्या मनाचा हा मोठेपणाही मला सहज बघवत नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

रेघ मी काढलेली नाही. माझी सेटिंगची फाइल आता आठ ओळींची आहे, आणि त्या आठही ओळी मी मीटरच्या आकड्यांच्या वहीत शेवटच्या पानावर उतरवल्या आहेत. वाचनाच्या आधी पत्रक तपासायला मी त्याच्या वरच्या खोलीत जातो. तो चहा सांगायला खाली जातो. अख्खं पत्रक एका नजरेत समोर उभं असतं, आणि खाली वीस ओळींची जागा मोकळी राहते. माझा फोन मी आता खालीच, पायताणाजवळच्या खिडकीत ठेवून वर जातो.